गाडी दाखवायची, तर पैसे कोणी कोणाला द्यायचे?

अमेरिकेत हॉट रॉड गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं की दरवाज्यावर दोन रांगा लागतात. एक तिकीट काढून गाड्या बघायला आलेल्यांची, दुसरी गाड्या घेऊन आलेल्या मालकांची. पहिल्या रांगेतला माणूस पैसे मोजतो यात नवल काहीच नाही. नवल दुसऱ्या रांगेचं आहे, कारण तीही पैसे मोजते, आणि पुष्कळदा पहिलीपेक्षा जास्त. दहा-दहा वर्षं रात्री जागून, पत्रा ठोकून, इंजिन उतरवून-चढवून माणसानं गाडी उभी करायची आणि ती लोकांना दाखवायची म्हणून पुन्हा आपल्याच खिशात हात घालायचा. या फीवरून मालकांची कुरकुर कायम चालू असते. ती कुरकुर खरी की खोटी, हे ठरवायचं तर फी आली कुठून ते शोधायला हवं.

हॉट रॉड म्हणजे जुनी, बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीची अमेरिकन गाडी, वजन उतरवून, इंजिन बदलून किंवा वाढवून वेगासाठी नव्यानं घडवलेली. फोर्डनं १९३२ मध्ये सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बाजारात आणलं आणि काही वर्षांत त्या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यांचे मडगार्ड काढले, टप उतरवले आणि लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावी वाळवंटातली कोरडी तळी गाठली. म्यूरॉक, रोझामंड, हार्पर, एल मिराज ही ती नावं. तळाचा वाळलेला गाळ मैलोन्‌मैल सपाट आणि घट्ट. गाडी सुसाट सोडायला याहून चांगली जागा फुकटात कुठे मिळणार?

जागा फुकट होती, पण वेग मोजणं फुकट नव्हतं. त्याला घड्याळं लागतात, तारा लागतात, धुळीत आडव्या येणाऱ्या गाड्यांना थोपवायला माणसं लागतात. १९३७ मध्ये अनेक क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली ती यासाठीच. प्रत्येकानं थोडे पैसे काढायचे आणि त्यातून वेळ मोजायची, शिस्त ठेवायची. धावलेल्याला मिळायची ती एक छोटी पितळी पट्टी. तिच्यावर नाव, तारीख आणि ताशी किती मैल तो आकडा. पोरं ती डॅशबोर्डवर स्क्रूनं बसवायची. रस्त्यावर कोणी विचारलं, ‘किती पळते?’ तर तोंडानं सांगायची गरज नाही. बोट दाखवलं की झालं. या इतिहासात मालकानं भरलेले सर्वांत जुने पैसे मला सापडतात ते इथे. ते कोणालाच जाचक वाटले नसणार, कारण ही धाव बघ्यांसाठी नव्हतीच. पैसे देणारा आणि त्याचा लाभ घेणारा एकच होता.

युद्धानंतर चित्र पालटलं. सैन्यातून परतलेल्या तरुणांच्या हातात पैसे होते, यंत्रांची माहिती होती आणि रात्री शहराच्या रस्त्यांवर शर्यती लागू लागल्या. अपघात झाले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली, ‘हॉट रॉडर’ म्हणजे गुंड असं समीकरण झालं. टायमिंग असोसिएशनला आपली बाजू मांडायची होती. त्यातून जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एक्स्पोझिशन पार्कमधल्या नॅशनल गार्डच्या आर्मरीत, म्हणजे लष्करी राखीव दलाच्या मोठ्या सभागृहात, प्रदर्शन भरलं. या गाड्या किती नीट, किती काळजीनं बांधलेल्या असतात हे गावाला दाखवायचं, हा हेतू. लोकांसमोर एक अख्खी रोडस्टर, म्हणजे पक्कं छप्पर नसलेली दोन आसनांची गाडी, जोडूनही दाखवली. त्या प्रदर्शनाच्या प्रसिद्धीचं काम ज्याच्याकडे होतं त्या रॉबर्ट पीटरसन नावाच्या तरुणानं ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक तिथेच विकायला काढला, २५ सेंटला एक. पुढे त्याच मासिकावर अमेरिकेतलं एक मोठं प्रकाशनगृह उभं राहिलं.

आर्मरीतली रचना तळ्यावरच्या रचनेहून पार वेगळी होती. इथे दोर बांधलेला होता. दोराच्या एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला तिकीट काढलेला माणूस. मालक पहिल्यांदाच ‘बघण्याची गोष्ट’ झाला. आपल्याकडे जत्रेत तमाशाचा फड येतो तेव्हा गावकरी त्याला सुपारी देऊन आणतात. पाल ठोकून बांगड्या विकणारा मात्र जागेची पट्टी भरतो. दोघंही जत्रेतच, पण एकाला पैसे मिळतात, दुसरा देतो. हॉट रॉडचा मालक यांतला कोण? पुढची पंच्याहत्तर वर्षं भांडण आहे ते याच प्रश्नाचं.

ओकलंडच्या अल स्लोनेकरनं त्यावर हुशार तोड काढली. त्याचा नॅशनल रोडस्टर शो जानेवारी १९५० मध्ये सुरू झाला. स्लोनेकर हा गाडीवाला नव्हता, प्रदर्शनं भरवणारा होता, आणि मालकाला काय हवं असतं ते त्यानं अचूक हेरलं होतं. त्यानं नऊ फूट उंचीचा करंडक केला आणि ‘अमेरिकेतली सर्वांत सुंदर रोडस्टर’ असा किताब ठेवला. पहिला मान मिळाला बिल नीकॅम्पच्या १९२९ च्या फोर्ड रोडस्टरला. नीकॅम्प लाँग बीचचा, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियाचा. गाडी घेऊन तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला आला होता. तो अवाढव्य करंडक कोणी घरी नेत नाही. त्यावर दर वर्षी विजेत्याचं नाव चढतं आणि करंडक प्रदर्शनाकडेच राहतो. मालकाला नाव मिळालं, प्रदर्शनाला गर्दी मिळाली. नंतर ग्रँड नॅशनल हे नाव घेतलेलं ते प्रदर्शन आता दक्षिणेत पोमोनाला भरतं आणि तो किताब अजूनही रोडस्टरच्या जगात सर्वांत मोठा मानला जातो. मानासाठी माणूस पदरचे पैसे घालतो, हे स्लोनेकरच्या त्या करंडकानं सिद्ध केलं. नंतरच्या प्रत्येक आयोजकानं तो धडा घेतला.

डेट्रॉइटची गोष्ट मला जास्त भावते. तिथे आयोजक आणि मालक वेगळे नव्हते. मिशिगनमधल्या क्लबांनी १९५२ मध्ये मिशिगन हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. पोरांना रस्त्यावरच्या शर्यतींतून बाहेर काढायचं तर त्यांना हक्काची ड्रॅग स्ट्रिप हवी, म्हणजे सरळ रेषेत दोन गाड्या पळवायचा पक्का मार्ग. त्याला पैसा हवा. म्हणून १९५३ मध्ये डेट्रॉइट विद्यापीठाच्या मेमोरियल बिल्डिंगमध्ये पहिली ऑटोरामा भरली. गाड्या जेमतेम ४०. सभासदांनी गाड्या आणल्या, सभासदांनीच उभं राहून लोकांना माहिती दिली, आणि दारावर जमलेला पैसा स्ट्रिपच्या कामी ठेवला. गाडी दाखवणं हीच मालकाची वर्गणी. पैसा कुठून आला आणि कुठे चालला हे प्रत्येकाला माहीत होतं. एवढी स्वच्छ मांडणी मला या सगळ्या इतिहासात पुन्हा कुठेच दिसली नाही.

ऑटोरामा वाढत गेली आणि १९६१ पासून नव्या कोऱ्या कोबो हॉलमध्ये भरू लागली, ज्याला आता हंटिंग्टन प्लेस म्हणतात. इतक्या मोठ्या हॉलचं भाडं, वीज, पहारा सभासदांच्या हौसेवर निघत नाही. तोपर्यंत प्रदर्शन हा गावोगाव चालणारा धंदाही झाला होता. बॉब लॅरिव्ही यांच्यासारखे पूर्णवेळ आयोजक उभे राहिले, आणि १९६३ मध्ये इंटरनॅशनल शो कार असोसिएशन आली. तिनं वर्ग ठरवले, गुण ठरवले, हंगामाच्या शेवटी राष्ट्रीय विजेता ठरवायची पद्धत पाडली. गुण हवेत तर एका गावात गाडी दाखवून भागत नाही. हिवाळाभर दर आठवड्याला ट्रेलरवर गाडी चढवायची, नव्या शहरात उतरवायची, तिच्याखाली आरसे मांडायचे, क्रोम पुसायचं, आणि प्रत्येक ठिकाणी प्रवेश फी भरायची.

आरशांवरून ब्लॅकी गेजियनची आठवण काढायलाच हवी. फ्रेस्नोचा हा माणूस. त्याची ‘शिश कबाब स्पेशल’ रोडस्टर १९५५ मध्ये ओकलंडच्या किताबाची संयुक्त मानकरी ठरली. गाडीचं पोट, म्हणजे एक्सल, ड्राइव्ह शाफ्ट, सस्पेन्शन, सगळं क्रोमनं लखलखीत केलेलं. पण ते लोकांना दिसणार कसं? म्हणून ब्लॅकी आणि त्याचे मित्र मधूनमधून अख्खी गाडी हातांनी उचलून कुशीवर उभी करायचे, अशी कथा आजही सांगतात. ज्याच्यासाठी प्रेक्षक दहा पावलं मागे सरून श्वास रोखत असेल, त्या माणसाकडून फी घ्यायची की त्याला मानधन द्यायचं? ब्लॅकी पुढे स्वतः फ्रेस्नोत ऑटोरामा भरवू लागला तेव्हा गाड्या पारखून, निवडून, बोलावून आणायचा. दोराच्या आत उभं राहणं काय असतं ते त्याला ठाऊक होतं.

साठच्या दशकात मात्र हॉलमध्ये दोन जाती पडल्या. एका बाजूला ताऱ्यांच्या गाड्या. एड रॉथची ‘बीटनिक बँडिट’, जॉर्ज बॅरिसच्या कस्टम गाड्या, डॅरिल स्टारबर्डची बुडबुड्यासारखी काचेची छत्री असलेली ‘प्रेडिक्टा’. त्यांच्या नावावर तिकिटं खपायची म्हणून आयोजक त्यांना पैसे देऊन आणत. रॉथ तर तिथेच राक्षसांची चित्रं रंगवलेले टी-शर्ट विकायचा, आणि रेव्हेल कंपनी त्याच्या गाड्यांची प्लास्टिकची खेळणी काढून त्याला प्रत्येक संचामागे एक सेंट द्यायची. दुसऱ्या बाजूला उरलेले सगळे: स्पर्धेत उतरलेले, आपल्याच खर्चानं आलेले, फी भरलेले. हॉलचा मोठा भाग यांच्याच गाड्यांनी भरायचा. बघणाऱ्याला हा फरक कळत नसे. दोर तोच, झगमगाट तोच. पण एक फड होता आणि दुसरा पालवाला, आणि दोघांना शेजारी-शेजारी उभं केलं होतं.

आयोजकांची बाजूही सांगायला हवी. फी नसेल तर कोणीही अर्ज करतो आणि आयत्या वेळी येत नाही. मग हॉलच्या मधोमध रिकामी जागा राहते, जिचं भाडं आधीच भरलेलं असतं. जागेचा नकाशा, विमा, आग लागू नये म्हणून पेट्रोल आणि बॅटरीबद्दलचे नियम, परीक्षक, सगळ्याला खर्च आहे. नावनोंदणीला किंमत लावली की माणूस शब्दाला जागतो. हे पटण्यासारखं आहे. पण त्यातून थोडी फी निघते, फुगत जाणारी फी निघत नाही.

मग १९७० साल आलं आणि उलथापालथ झाली. ‘रॉड अँड कस्टम’ मासिकानं, मुख्यतः टॉम मेडली या जुन्या व्यंगचित्रकार-संपादकाच्या पुढाकारानं, इलिनॉय राज्यातल्या पिओरियात हॉट रॉडवाल्यांचा मेळावा बोलावला. ट्रेलरवरची झगमगती गाडी नको. चालवत आणा, असा रोख. तोपर्यंत कारखान्यातूनच दणकट मसल कार मिळू लागल्या होत्या, ड्रॅग रेसिंग व्यावसायिक झालं होतं, आणि जुनी फोर्ड चालवणारा माणूस दोन्हीकडून बाजूला पडला होता. मासिकवाल्यांना वाटलं होतं त्याहून मोठी गर्दी झाली: सहाशेच्या आसपास गाड्या, दूरदूरच्या राज्यांतून रस्त्यानं आलेल्या. कोणाचं वायपर नव्हतं, कोणाचं छप्पर नव्हतं, पण येणाऱ्याला ठाऊक होतं की तिथे आपल्यासारखीच माणसं भेटतील.

तो ‘स्ट्रीट रॉड नॅशनल्स’; स्ट्रीट रॉड म्हणजे रस्त्यावर चालवायची हॉट रॉड. त्याच सुमाराला नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशन उभी राहिली आणि तिनं हा मेळावा दर वर्षी चालवला, आधी शहरं बदलत आणि पुढे मुख्यतः केंटकीतल्या लुइव्हिलला, जिथे गाड्यांचा आकडा दहा हजारांच्या वर गेला. इथे गाड्यांची सोन्या-चांदीच्या हिशेबानं परीक्षा नव्हती. मालक बायकामुलांसह यायचा, खुर्ची टाकून गाडीशेजारी बसायचा, इतरांच्या गाड्या बघायचा, सुटे भाग विकत घ्यायचा. प्रेक्षक असले तर असले, नसले तरी बिघडत नव्हतं. फी इथेही होती, किंबहुना फीवरच सगळं उभं होतं. पण ती वाळवंटातल्या त्या पहिल्या पैशांच्या कुळातली होती. देणारा आणि घेणारा पुन्हा एक झाला होता. मोठ्या मैदानी मेळाव्यांची आजची फी इथून येते, ऑटोरामाच्या दारातून नव्हे. कुरकुर करणारे आणि तिचं समर्थन करणारे, दोघंही ही दोन कुळं एकमेकांत मिसळतात आणि तिथेच वाद भरकटतो.

पिओरियाच्या पद्धतीवर पुढे मोठा व्यवसायही उभा राहिला. गॅरी मेडर्स यांनी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात ‘गुडगाइज’ सुरू केलं. ही सभासदांची संघटना म्हणवली तरी कौटुंबिक मालकीची कंपनी. प्लेझंटन, कोलंबस अशा शहरांतली सरकारी जत्रा-मैदानं भाड्यानं घ्यायची, शुक्रवार ते रविवार मेळावा भरवायचा. कोलंबसला गाड्या हजारोंनी येतात. याच्या उलट मिनेसोटात ‘बॅक टू द फिफ्टीज’ हा सेंट पॉलच्या राज्य जत्रा-मैदानावरचा जून महिन्यातला मेळावा आजही हौशी सभासदांची मिनेसोटा स्ट्रीट रॉड असोसिएशनच चालवते; १९६४ पर्यंतच्याच गाड्या घेतात आणि तरीही दहा हजारांवर जमतात. एकाच प्रकारचं मैदान, एकाच प्रकारच्या गाड्या, पण पैसा एकीकडे कंपनीकडे जातो आणि दुसरीकडे संघटनेकडे. मालकाला ही फी देताना कळायला हवं की आपण नेमके कोणाला देतो आहोत.

मोठ्या मैदानी मेळाव्याची फी आज बरीचदा ५० ते १०० डॉलरच्या दरम्यान असते. मुदतीआधी भरली तर कमी, दारावर भरली तर जास्त. त्या बदल्यात पाकीट मिळतं: काचेवर लावायचं कार्ड, दोघांसाठी मनगटपट्ट्या, कार्यक्रमाची पत्रिका, तेल-पॉलिशवाल्या कंपन्यांच्या जाहिरातींनी भरलेली पिशवी, आणि डॅशबोर्डवर चिकटवायची धातूची छोटी पाटी. मेळाव्याचं नाव आणि वर्ष असलेली ही पाटी मला त्या पितळी पट्टीचीच वंशज वाटते. फरक एवढाच की पट्टीवर तुम्ही गाठलेला वेग असायचा, तर पाटीवर तुम्ही आलात एवढंच असतं. जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डमधल्या खणात अशा पाट्यांचे गठ्ठे सापडतात आणि मालक एकेक काढून त्या उन्हाळ्याच्या गोष्टी सांगतो. फीतलं सर्वांत स्वस्त, पण सर्वांत टिकणारं तेच.

फीचा आणखी एक परिणाम नजरेआड होतो. मेळावे फीवर चालू लागल्यावर गाड्यांच्या वयाची अटही फीच्या कलानं हलू लागली. स्ट्रीट रॉडवाल्यांची सीमा होती १९४८. त्यापुढची गाडी म्हणजे स्ट्रीट रॉड नव्हेच. पण १९३२ ची फोर्ड बांधणारी पिढी थकली, नव्यांना आपल्या तरुणपणीच्या गाड्या प्रिय. गुडगाइजनं अट १९७२ पर्यंत आणि नंतर त्याहीपुढे नेली. नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशननं तीस वर्षं जुनी कुठलीही गाडी घ्यायला सुरुवात केली. जुन्या जाणत्यांना हे रुचलं नाही. मला ते अटळ वाटतं. फी भरणारा नसेल तर मैदान नाही.

बंद हॉलमध्ये मात्र गोष्ट वेगळ्या टोकाला गेली. डेट्रॉइटच्या ऑटोरामात १९६४ पासून रिडलर पारितोषिक देतात, आदल्या वर्षी वारलेल्या डॉन रिडलर या आयोजकाच्या नावानं. पहिला मानकरी अल बर्गलर, त्याची ड्रॅगस्टर ‘मोअर ॲग्रॅव्हेशन’. आज या पारितोषिकाची रक्कम १०,००० डॉलर आहे, आणि अट अशी की गाडी त्याआधी कुठेही दाखवलेली नसावी. अंतिम फेरीत निवडलेल्या आठ गाड्यांवर अनेकदा दहा लाख डॉलरच्या पुढे खर्च झालेला असतो. असा मालक प्रवेश फीकडे बघतसुद्धा नाही. पण त्याच हॉलच्या तळमजल्यावर, कारखान्यात पाळी करून रविवारी गाडी बांधणारा माणूस तीच आयोजनव्यवस्था पोसत असतो. त्याच्या गाडीसाठीही कोणीतरी तिकीट काढलेलं असतं.

मग फुकटच का नको? तेही करून झालं. ऑगस्ट १९९५ मध्ये डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर, फर्नडेलमध्ये मुलांच्या सॉकर मैदानासाठी निधी जमवायला म्हणून, जुन्या गाड्यांची फेरी काढली. वुडवर्ड ड्रीम क्रूझ. चालवायला फी नाही, बघायला तिकीट नाही. अपेक्षेच्या कैक पट लोक आले आणि आता दर वर्षी हजारो गाड्या आणि लाखो माणसं येतात. तिथला पोलिसांचा, सफाईचा भार रस्त्यालगतच्या नगरपालिकांवर पडतो, म्हणजे कर भरणाऱ्यावर. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमध्ये एका मोटार कंपनीच्या आवारात २००६ पासून शनिवारी सकाळी फुकट ‘कार्स अँड कॉफी’ भरायचं. गर्दी आवरेना म्हणून २०१४ अखेर ते बंद झालं. फुकट मेळाव्याचे पैसेही कोणीतरी देतंच, आणि ज्याला ते झेपेनासे होतात तो दार लावून घेतो.

आपल्याकडे हा वाद उद्भवतच नाही, कारण हॉट रॉडच उद्भवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मोठा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी ठामपणे सांगितलं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली, पण तीही मूळ रूप जपलेल्या गाड्यांनाच. मुंबईत व्हिंटेज रॅलीत जी गाडी बघायला आपण उभे राहतो, ती जशी निघाली तशी राखलेली असते. हॉट रॉड नेमकी उलटी, मालकाच्या हातानं बदललेली. म्हणूनच तिच्यातलं मालकाचं श्रेय जास्त, आणि म्हणूनच त्याच्याकडून घेतलेला पैसा जास्त बोचतो.

माझं मत स्पष्ट आहे. मैदानावर जिथे मालक मालकांना भेटायला येतात तिथे फी रास्त आहे आणि ती कुरकुर न करता भरावी. जिथे दारावर तिकीट विकलं जातं आणि तिकीट काढणारा मालकाचीच गाडी बघायला येतो, तिथे मालकाकडून जागा राखण्यापुरती अनामत घ्यावी आणि गाडी वेळेवर आली की परत करावी. कंपनी असो की संघटना, जमलेल्या फीचा हिशेब सभासदांसमोर मांडावा. डेट्रॉइटच्या पोरांनी १९५३ मध्ये तो न मागता दिला होता. मिशिगनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी, आणि तिथल्या मोटार कारखान्यांत आपली माणसं पुष्कळ आहेत, हिवाळा सरताना भरणाऱ्या ऑटोरामाला एकदा जरूर जावं. वरच्या मजल्यावरच्या लखलखाटात थोडं थांबा, मग खाली उतरा, आणि तिथल्या गाडीवाल्याशी दोन शब्द बोला. तुमच्या तिकिटाइतकाच त्याच्या फीवरही तो हॉल उभा आहे.